सिस्टीममध्ये तो अजून आरोपीच आहे

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा माझ्या ऑफिसात आला. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तो एसी-फ्रिज दुरुस्त करतो, वय सव्वीस. कतारमध्ये काम ठरलं होतं. पासपोर्टचा अर्ज भरला आणि पोलीस पडताळणीत अडकला. दंगलीचा गुन्हा न्यायालयात प्रलंबित आहे, असा शेरा गेला होता. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. निकालाची प्रमाणित प्रत होती, शिक्क्यासकट. 2018 मध्ये मिरवणुकीवरून भांडण झालं, बावीस जणांवर गुन्हा दाखल झाला. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा, यादीतला अठरावा आरोपी. 2022 मध्ये बावीसच्या बावीस निर्दोष सुटले. "बाजी, मैं तो छूट गया था ना?" तो मला विचारत होता. जणू कागदावर त्याचाच विश्वास उरला नव्हता.

मी त्याला घेऊन ठाण्यात गेले. पडताळणी बघणारे हवालदार सभ्य होते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण अशा गोष्टी सांगताना समोरचा माणूस खलनायक करून टाकतो आणि खरा प्रश्न तिथेच हरवतो. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, निकाल वाचला, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, कागद खोटा आहे असं मी कुठे म्हणतो? पण इथे पेंडिंग दिसतंय. जे दिसतं तेच मला लिहावं लागतं."

तिथल्याच बाकावर बसून मी फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर असतो, तो टाकला. दोन सेकंदांत उत्तर आलं: खटला निकाली, आरोपी निर्दोष. हवालदारांना फोन दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "ते कोर्टाचं आहे हो. आमचं वेगळं."

या "आमचं वेगळं"साठी देशाने किती पैसे मोजलेत ते आधी बघू. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर, 2009 मध्ये केंद्र सरकारने सीसीटीएनएस ही योजना मंजूर केली, 2,000 कोटी रुपयांची. एका ठाण्यात नोंदलेली एफआयआर दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात दिसावी, हा हेतू. आज सतरा हजारांहून जास्त ठाणी त्या जाळ्यात आहेत. न्यायालयांचं सॉफ्टवेअर म्हणजे ई-कोर्ट्स, त्याच्या तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी मिळाले. तुरुंगांचं ई-प्रिझन्स, सरकारी वकिलांचं ई-प्रॉसिक्युशन, प्रयोगशाळांचं ई-फॉरेन्सिक्स. या पाचांना एकमेकांशी बोलायला लावायचं काम आयसीजेएस नावाच्या यंत्रणेचं. कल्पना सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची. तिच्या दुसऱ्या टप्प्याला फेब्रुवारी 2022 मध्ये 3,375 कोटी मंजूर झाले. "एक डेटा, एक नोंद" हे तिचं ब्रीद. म्हणजे माहिती एकदाच भरायची आणि ती पाचही ठिकाणी आपोआप पोचायची.

पोचते का? एका दिशेने पोचते. आरोपपत्रातला तपशील पोलिसांकडून न्यायालयाकडे जातो, अटकेची नोंद तुरुंगाकडे जाते. परतीची वाट मात्र माणसाच्या पायांवर अवलंबून आहे.

हे कसं घडतं ते समजून घ्या. पोलीस तपासाचे सात ठरलेले फॉर्म आहेत. पहिला एफआयआरचा, तिसरा अटकेचा, पाचवा आरोपपत्राचा. सहावा न्यायालयाच्या निकालाचा, सातवा अपिलाच्या निकालाचा. पहिले पाच भरले जातात, कारण त्यांच्याशिवाय गुन्हा पुढे सरकत नाही आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये साहेब विचारतात. सहावा भरला नाही तर कुणाचं अडतं? ठाण्याचं तर नाही अडत. कोर्ट पैरवीचा अंमलदार दिवसभर समन्स, साक्षीदार, मुद्देमाल यांच्यामागे धावतो. संध्याकाळी ठाण्यात येऊन निर्दोष सुटलेल्यांचे फॉर्म भरत बसायला त्याला ना वेळ, ना कुणाचा तगादा. आमच्या प्रकरणात आणखी एक भानगड होती. मधल्या काळात जुन्या ठाण्याची हद्द फुटून नवं ठाणं झालं होतं. न्यायालयाच्या नोंदीत जुनं ठाणं, पोलिसांच्या नोंदीत नवं. गुन्ह्याचा नंबर तोच असूनही दोन्ही यंत्रणांना तो एकच गुन्हा आहे हे ओळखता आलं नाही.

पुण्यात आयटीत काम करणारा माझा चुलतभाऊ म्हणतो, हा बग आहे, होईल दुरुस्त. मी त्याला म्हटलं, हिशेबात चुका होतात तेव्हा कधी दुकानदाराचं नुकसान होतं, कधी गिऱ्हाइकाचं. दर वेळी गिऱ्हाइकाचंच होत असेल तर बग म्हणू नये, वजनकाटा तपासावा. गुन्हा सिद्ध झाला आणि सिस्टीममध्ये चुकून "निर्दोष" राहून गेलं, असं एक तरी प्रकरण कुणी मला दाखवावं.

वेग हवा तिथे आणता येतो, याचाही पुरावा आहे. 7 सप्टेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की संवेदनशील गुन्हे वगळता प्रत्येक एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर यावी. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळावं म्हणून तो आदेश होता, चांगलाच होता. आणि तो पाळता येतो, पाळला जातो. म्हणजे ठाण्यातला कॉम्प्युटर 24 तासांत काम करू शकतो. निकालाला तसा 24 तासांचा दंडक नाही. मग तीच एफआयआर नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा, सोयरीक जुळवणारा कुणीही वर्षानुवर्षं वाचत राहतो.

जामिनाचं प्रकरण आठवा. ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आर्यन खानला 28 तारखेला जामीन दिला, तो बाहेर आला 30 तारखेला. आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी आहे. ती ठरल्या वेळी उघडतात आणि 29 च्या संध्याकाळी कागद त्या वेळेत पोचला नाही. पुढे मे 2022 मध्ये एनसीबीने त्याचं नाव आरोपपत्रात घातलंच नाही, हा भाग वेगळा. शाहरुख खानच्या मुलासाठी देशातले नामांकित वकील उभे असताना कागद पेटीसाठी थांबला, तर बीड किंवा परभणीच्या पोराचं काय होत असेल? त्याच वर्षी आग्र्याच्या तुरुंगातले कैदी सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही दिवसचे दिवस आत राहिले होते. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च 2022 मध्ये फास्टर ही यंत्रणा सुरू झाली, जिच्यातून आदेश थेट तुरुंगाकडे जातो. 31 जानेवारी 2023 ला आणखी निर्देश आले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ई-मेलने पाठवायचा, त्याची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवायची आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. बघा, पुन्हा तेच. न्यायालयाने कान पिळला तेव्हाच परतीची वाट बांधली गेली.

2022 च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेली. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आपलं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे टाटा समाज विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्येच मांडलं होतं. त्यामुळे राहून गेलेल्या नोंदींचा भार कुणाच्या डोक्यावर जास्त पडतो, हे सांगायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. पण हे दुखणं आपल्या एकट्याचं समजू नका. 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या पारध्यांना विचारा. कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. पूर्वी तो एका ठाण्याच्या वहीत होता, आता सतरा हजार ठाण्यांत एकाच वेळी दिसतो.

आपल्या बाबतीत नावांचा घोळ आणखी आहे. शेख, शेक, शैख; सय्यद, सैय्यद; मोहम्मद, महंमद, मुहम्मद. ठाण्यात नाव मराठीत लिहिलं जातं, कुणीतरी ते इंग्रजीत भरतं, आधारवर तिसरंच असतं. सिस्टीम उच्चाराच्या साधर्म्यावर नावं शोधते, आणि एका मोहल्ल्यात "शेख सलीम शेख रहीम" किती निघतील ते तुम्ही मला सांगायला नको. माझ्याकडे चारित्र्य पडताळणीसाठी आलेल्या एका डिलिव्हरी बॉयच्या नावावर ज्या माणसाचा गुन्हा चिकटला होता, तो त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा होता.

एक शिळी नोंद फक्त पासपोर्ट अडवते असं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायचं. इतरांसाठी निम्मा काळ. मृत्युदंडाचे किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. अर्ज तुरुंग अधीक्षकांनी करायचा आहे, आणि हा फायदा जुन्या कैद्यांनाही द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं. हिशेब अगदी सोपा, ई-प्रिझन्सने रोज सकाळी यादी काढून द्यावी असा. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर सुटका नाही. आता तुमच्या नावावर निकाली निघालेलं प्रकरण "पेंडिंग" दिसत असेल तर? तडीपारीच्या प्रस्तावात, चॅप्टर केसमध्ये, जामिनाला विरोध करताना पोलिसांच्या म्हणण्यात, सगळीकडे हीच यादी छापून लावतात. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, तो सहज वापरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये जालन्याच्याच एका प्रकरणात बजावलं होतं.

आणि बोटांचे ठसे. 1920 चा इंग्रजांचा कायदा म्हणत होता की आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर त्याची मापं आणि फोटो नष्ट करावेत किंवा त्याच्या हवाली करावेत. त्याच्या जागी 2022 चा कायदा आला. नोंद 75 वर्षं ठेवायची तरतूद त्यात आहे. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी, हेही त्यात आहे, पण सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर. नियमांनी मात्र अर्ज करण्याचं काम त्या माणसावरच टाकलं. त्याने राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करायची. अधिकारी ही नोंद दुसऱ्या गुन्ह्याशी जोडलेली नाही ना ते तपासणार आणि मग दिल्लीला शिफारस करणार. तपासणार कुठे? त्याच सिस्टीममध्ये, जिथे सहावा फॉर्म कुणी भरलेला नाही. महाराष्ट्राकडे अँबिस आहे, त्यात ठशांबरोबर चेहरा आणि डोळ्यांची बुबुळंही असतात. घेताना कुणी तुमच्याकडून अर्ज मागितला नव्हता. 2023 चा डेटा संरक्षण कायदा इथे कामाला येईल असं वाटत असेल, तर त्याचं कलम 17 वाचा. गुन्ह्यांचा तपास आणि खटले यांच्यासाठी वापरलेल्या माहितीला दुरुस्तीचा आणि पुसून टाकण्याचा हक्क लागू नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत एफबीआयकडे अटकेच्या नोंदींचा प्रचंड साठा आहे. त्यातल्या सुमारे निम्म्या नोंदींत खटल्याचं पुढे काय झालं तेच लिहिलेलं नाही, हे तिथल्या ॲटर्नी जनरलच्या 2006 च्या अहवालात आहे. ब्रिटनमध्ये 11 वर्षांच्या वयात पकडलेल्या आणि निर्दोष सुटलेल्या एका मुलाचे ठसे पोलीस परत देईनात. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने हे खासगीपणाचं उल्लंघन ठरवलं आणि 2012 मध्ये ब्रिटनला कायदा बदलावा लागला. आपल्याकडे खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं. आपण त्याचा उपयोग किती केला?

इथे मला आपल्या लोकांशी भांडायचं आहे. आपल्यातला एक गट म्हणतो, हे सगळं आपल्याला पकडण्यासाठीच आहे, जोडणीच नको. मला हे पटत नाही. जोडणी नसताना काय होतं ते आपल्या वडिलांच्या पिढीने भोगलंय. फाइल हरवली, तारीख पडली नाही, जामीन होऊनही माणूस महिनाभर आत. नीट जोडलेली यंत्रणा सर्वात जास्त कुणाच्या कामाची असेल तर ती आपल्याच. दुसरा गट म्हणतो, सुटलो ना, आता कशाला ठाण्याची पायरी चढायची. हा गट मोठा आहे. खटला चालू असतो तोवर मोहल्ला वर्गणी काढतो, वकील बघतो, तारखेला गाडी करून जातो. निकालाच्या दिवशी पेढे वाटतो, फोटो टाकतो. दुसऱ्या दिवशी निकालाची नक्कल काढायला कुणी जात नाही. बावीस जणांपैकी प्रमाणित प्रत फक्त या एकट्याकडे होती, तीही पासपोर्टसाठी लागली म्हणून.

मागणी साधी आहे आणि ती सभेत ओरडायची नाही, लेखी द्यायची आहे. न्यायालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये निर्दोष किंवा दोषमुक्त अशी नोंद झाली की पोलिसांच्या सिस्टीममधली प्रलंबित नोंद 24 तासांत आपोआप बदलली पाहिजे, हवालदाराच्या हाताची वाट न बघता. दोन नोंदी जुळत नसतील तर पडताळणीच्या अहवालात न्यायालयाची नोंद धरावी, पोलिसांची नाही. ठसे आणि फोटो नष्ट करण्याचा आदेश निकालातच यावा. यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. तुमच्या वकिलांना शेवटच्या तारखेला एक ओळीचा अर्ज द्यायला सांगा, सहाव्या फॉर्मची नोंद करून न्यायालयाला कळवण्याचे निर्देश ठाण्याला द्यावेत म्हणून. वकील म्हणतील, असं कधी मागितलं नाही. तेच तर झालंय.

आणि ज्यांचे निकाल आधीच लागलेत त्यांनी सीएनआर नंबर, निकालाची प्रमाणित प्रत आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज तयार ठेवावा. पोचपावती घ्यावी. महिन्यात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारावं की माझ्या गुन्ह्याचा सहावा फॉर्म कोणत्या तारखेला भरला. या एका प्रश्नावर ठाण्यात जेवढी हालचाल होते, तेवढी आमच्या चार निवेदनांनी झाली नव्हती.

त्या मुलाची कतारची नोकरी गेली. पासपोर्ट कायद्याचं कलम 6 न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याबद्दल बोलतं, आणि त्याचा खटला तीन वर्षांपूर्वी संपला होता. पण कंपनीने सहा आठवडे वाट पाहून दुसरा माणूस घेतला. आमचा अर्ज गेल्यावर पावणेचार महिन्यांनी नोंद बदलली. पैरवीच्या अंमलदारांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि जाता जाता विचारलं, "मॅडम, बाकीच्या एकवीस जणांचं पण करायचं का?" मी म्हटलं, एकच गुन्हा आहे, एकदम झालं नाही का? ते म्हणाले, आरोपी वेगळे, नोंदी वेगळ्या.

ठशांच्या अर्जाला अजून उत्तर नाही. बावीसपैकी आतापर्यंत पाच जण कागद घेऊन आलेत. दोघे मुंबईला गेलेत, एकाचा पत्ता लागत नाही, उरलेल्यांच्या घरी आम्ही दर रविवारी असरनंतर जातो. आमच्याबरोबर यायचं असेल तर लॅपटॉप चालवता येणारं कुणीतरी हवं आहे.